तिसरा चौकोनी हिरा

आमच्या गल्लीत नवा माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग पत्ता विचारायचा. घराच्या खालच्या खोलीत आबांचा डंक होता, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आपटायची, धाडधाड, धाडधाड, आणि वर माडीवर मांडणीतली ताटं थरथरायची. उन्हाळा लागला की अख्खी पेठ वर्षाची चटणी करून घ्यायला आमच्या दारात. संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येकीला खात्री की आपलीच चटणी खरी, बाकीच्या नुसता लाल भुसा खातात. आम्ही घरातले कधी शिंकत नव्हतो. पण त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून आम्ही सगळे जन्मभर ओरडूनच बोललो. पुढं मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, तुम्ही माझ्यावर रागावलात का हो? म्हटलं, नाही बाई, मी चहात साखर मागितली.

आबा डंक चालवायचे आणि आई दाराशी पाटावर बसून बाकीचं सगळं चालवायची. कुणाची मिरची ओली, कुणी खोबरं कमी भाजलंय, कुणाचा डबा कुठला, हे तिच्या डोक्यात. लाल धुरळ्यात दिवसभर बसून संध्याकाळी ती न्हाणीत जाऊन हातपाय घासायची आणि चुलीपुढं, म्हणजे तेव्हा गॅस आला होता पण आम्ही चूलच म्हणायचो, भात टाकायची. तिचं माहेर आजऱ्याचं. तिथनं वर्षाचा घनसाळ तांदूळ यायचा. तो भात रटरटायला लागला की मिरचीचा वास मागं सरायचा आणि घर आमचं व्हायचं. भात, आमटी, वर तुपाची धार, कधी सुक्या बोंबलाची चटणी. आई सगळ्यांत शेवटी जेवायची आणि पातेल्याच्या बुडाची खरवड तिला लागायची. आजारी पडलेली मी तिला पाहिली नव्हती. तिला त्याची सवडच नव्हती.

आक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं लग्न जमत नव्हतं. कारणं दोन. एक, ती उंच होती. दोन, बघायला आलेल्या एका पाहुण्यानं तिला सतराचा पाढा विचारला, तेव्हा तिनं पाढा म्हटला आणि मग म्हणाली, "आता तुमी एकोणीसचा म्हणा की पावणं." ही गोष्ट पेठेत फिरली, ती आमच्या चटणीपेक्षा लांब गेली. त्यानंतर स्थळं यायची ती बिजवरांची. आई वरून काही म्हणत नव्हती, पण देवापुढं दिवा लावताना तिचे ओठ बराच वेळ हलायचे. आक्का तिशीला आली होती. त्या काळी पेठेत तिशीच्या लग्नाच्या मुलीकडं लोक कसं बघायचे ते मी सांगत बसत नाही. आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

आणि मग मधुकर आले. पलीकडच्याच पेठेतले, नोकरी वारणानगरला, शनिवारी घरी येणारे. वडील नव्हते, आई होती. कांदेपोहे झाले आणि या माणसानं पाढा न विचारता आक्काला विचारलं, "अंगठी घ्यायची म्हटली तर तुम्हांला कशी आवडंल?" आक्का म्हणाली, "चौकोनी हिऱ्याची." तिच्या शाळेत पुण्याहून तपासणीला आलेल्या बाईंच्या बोटात तिनं तसा हिरा पाहिला होता आणि कधीतरी मला कागदावर काढून दाखवला होता, पट्टी लावून. पाहुणे गेल्यावर ती आत येऊन पिठाच्या डब्यावर बसली आणि रडायलाच लागली. आई घाबरली. "काय झालं गं? न्हाई आवडला व्हय?" आक्का म्हणाली, "आये, मला कुणी इचारलंच न्हवतं गं आजपतोर, तुला काय आवडतंय म्हणून." आईनं डोळ्याला पदर लावला आणि मग ओरडली, "आगं पर हिरा कुठं चौकोनी असतोय व्हय? गोल मागायचा की!"

मधुकररावांच्या आईला आम्ही आधीपासनं विहीणबाईच म्हणायला लागलो. त्यांना मुलगी चालली, उंची चालली, पाढासुद्धा चालला. फक्त एक अट होती. हिरा सगळ्यांना लाभत नाही असं आमच्याकडं मानतात. कुणाला राजा करतो, कुणाचं घर बसवतो. म्हणून सोनार ओळखीच्या गिऱ्हाइकाला हिरा आठ दिवस घरी ठेवायला देतो. शुक्रवारी आणायचा, जी घालणार तिच्या उशाखाली ठेवायचा, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत घरात काही वाईटसाईट झालं नाही तर अंगठी करायची. झालं, तर हिरा परत. विहीणबाईंचे मालक हिऱ्याची बाळी घेतल्यावर महिन्यातच गेले होते आणि ती बाळी त्यांनी न पारखता घेतली होती. "मी एकदा चुकलो," त्या आईला म्हणाल्या. कोल्हापुरात आम्ही बायकासुद्धा 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतो. "आता पोराच्या बाबतीत चुकणार न्हाई. पैसं आमचं, पसंती पोरीची, पर पारख तुमच्या घरात. आनि जे काय हुईल ते खरं सांगायचं." आबा देवाधर्मातले नव्हते. ते म्हणाले, "ठेवूया की. दगडाला काय कळतंय?"

आम्ही चौघंही गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, गेलो. दुकानाचे शेठ आबांच्या ओळखीचे, त्यांची चटणी आमच्याच डंकावर. पांढऱ्या गादीवर बसलो, चहा आला. चौकोनी म्हटल्यावर शेठ हसले. "इथं कोण मागत नाय पोरी. सगळ्यांना गोल पाहिजे. मुंबईहून मागवावा लागंल." मग पंधरवड्यानं परत गेलो तेव्हा त्यांनी निळ्या अस्तराची कागदी पुडी उलगडली. आत तीन हिरे. चिमट्यानं उचलून त्यांनी एकेक आक्काच्या दोन बोटांच्या बेचक्यात ठेवला आणि तिला दाराशी उजेडात नेलं. आक्का हात वर-खाली करून बघत होती. आई म्हणाली, "साखरंचा खडा दिसतोय गं." आबा म्हणाले, "मिठाचा." आक्कानं सगळ्यांत निर्मळ होता तो निवडला. परत येताना ती रस्त्यानं उगीचच हसत होती, आणि आईनं वाटेत थांबून आम्हाला दोघींना दूध-कोल्ड्रिंक पाजलं. त्या दिवसाइतकं आमचं घर पुन्हा कधी हसलं नाही.

पहिल्या हिऱ्याच्या वेळी आबांचा अंगठा मुसळाखाली आला. नख गेलं, बाकी अंगठा वाचला. डंकवाल्याचा अंगठा दोन-चार वर्षांनी ठेचतोच. पण विहीणबाई रोज संध्याकाळी यायच्या, कधी मूठभर तीळ घेऊन, कधी रिकामा डबा घेऊन, आणि जिन्यातनंच विचारायच्या, "काय, बरं हाय न्हवं सगळं?" पट्टी बांधलेला अंगठा लपवणार कुठं? दुसऱ्या दिवशी हिरा परत गेला. दुसरा जरा पिवळट होता. तो घरात असताना आजऱ्याहून निरोप आला, आईचे चुलते वारले. नव्वदीचे, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. आबा भडकले. "म्हातारा काय हिऱ्यानं मेला व्हय? तेला काय उशाखाली नेऊन ठिवलावता?" विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आबासाब, मी कुनाला नावं ठेवत न्हाई. पर आता एकदाच. तिसऱ्याबी येळंला काय झालं तर दोष दगडाचा न्हवं म्हणायचा." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. मुलगीच लाभत नाही, असं एकदा त्यांच्या तोंडून गेलं असतं तर पेठेत पुन्हा कुणी आक्काला बघायला आलं नसतं.

मधुकरराव शनिवारी आले तेव्हा आक्कानं त्यांना जिन्यात गाठलं. मी वर कठड्याशी होते. ती म्हणाली, "तुमी मानता हे?" ते म्हणाले, "न्हाई मानत." "मग सांगा की त्यास्नी." ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "आईनं एकटीनं काढलंय सगळं माझं. आठ दिवसांचा तर प्रश्न हाय." चांगला माणूस हो. आजही म्हणते, चांगला माणूस. पण अशा चांगल्या माणसांचं करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. आक्का वर आली आणि म्हणाली, "मला नगोच ही अंगठी. गोल बी नगो आनि चौकोनी बी नगो." आई कढईतलं खोबरं भाजत होती. ती वर न बघता म्हणाली, "गप बस. लई शानपन नगो. तिसरा आणूया."

तिसऱ्या हिऱ्यात डाग होता. शेठनी लपवलं नाही. भिंग आक्काच्या हातात दिलं आणि म्हणाले, एका कोपऱ्यात काळा ठिपका आहे बघ, मोहरीच्या शंभराव्या भागाएवढा. अंगठीत बसवताना तो कोपरा सोन्याच्या पकडीखाली घेतला की कुणाला दिसायचा नाही. पाहिजे तर थांबा, पावसाळ्यानंतर दुसरे मागवतो. आक्काला थांबायचं होतं. आईनं भिंग तिच्या हातातनं घेतलं, डोळ्याला लावलं, आणि म्हणाली, "कुठं हाय डाग? मला तर काय दिसत न्हाई." शेठनी बोट दाखवलं. "न्हाई बाबा. निर्मळ हाय. द्या ह्योच." तिची नजर तेव्हा सुईत दोरा ओवण्याइतकी चांगली होती.

शुक्रवारी हिरा घरी आला. आणि रविवारी आईच्या पोटात दुखायला लागलं. हे मी आज सांगते आहे. त्या आठवड्यात आम्हाला कुणालाही ते कळलं नाही, कारण तिनं कळू दिलं नाही. हंगाम भरात होता, डंक सकाळपासून दिवे लागेपर्यंत धडधडत होता. आई पाटावर बसायची, फक्त गुडघे पोटाशी घेऊन. मी विचारलं तर म्हणाली, कंबर धरलीय. जेवायला बसली की भात कालवायची आणि "आज उपास हाय" म्हणून ताट माझ्याकडं सरकवायची. मी खायचे. घनसाळ भात होता, का नाही खाणार? ओवा चावायची, गरम पाण्याची पिशवी पदराखाली धरायची. मुसळांच्या तालावर ती काहीतरी गुणगुणल्यासारखं करायची. आबांना वाटलं पोरीचं लग्न ठरतंय म्हणून खुशीत आहे. ते मला म्हणालेही, "बघ, तुझी आई गायला लागली." ते कण्हणं होतं.

रोज संध्याकाळी डंक बंद झाला की जिन्यात विहीणबाईंचा आवाज यायचा. "काय, बरं हाय न्हवं सगळं?" आणि आई वरून, रोजच्याच खणखणीत आवाजात, ओरडायची, "एकदम झ्याक! या की वर, च्या घ्या." स्वतः चहा करायची, समोर बसून गप्पा मारायची. एका संध्याकाळी तिच्या कपाळावर घाम बघून त्यांनी विचारलंच. आई म्हणाली, "सकाळधरनं मिरचीपुढं बसून बघा की तुमी, मग कळंल घाम कसा येतोय." दोघी हसल्या. मधे एक दिवस आईचं दुखणं एकदम थांबलं. त्या दिवशी तिनं खरोखर चार घास खाल्ले आणि आक्काच्या केसांना तेल लावून दिलं. दुखणं थांबलं ते अपेंडिक्स फुटलं म्हणून, हे नंतर दवाखान्यात कळलं. तिला मात्र वाटलं असणार, देव पावला.

दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी विहीणबाई नारळ आणि पेढे घेऊन आल्या. आक्काच्या उशाखालची डबी त्यांनी स्वतः काढली, उघडली, हिरा तळहातावर घेतला आणि आक्काची दृष्ट काढली. "लाभला गं बाई. लाभला." आईनं त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, साखर हातावर घातली. हात जरासुद्धा हलला नाही तिचा. जिन्यापर्यंत पोचवायला गेली. त्या खाली उतरून गल्लीत वळेपर्यंत कठड्याला धरून उभी राहिली, आणि मग तिथंच पायरीवर बसली. म्हणाली, "मंगे, मला जरा आडवं कर गं." मी हात धरला तर हात तव्यासारखा तापलेला.

त्याच रात्री दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, कधीपासून दुखतंय? आक्का, मी, आबा, आणि बातमी कळताच डबा घेऊन धावत आलेल्या विहीणबाई, सगळे पलंगाभोवती उभे होतो. आईनं एकेकाकडं बघितलं. विहीणबाईंवर तिची नजर थांबली. "आज सांजंपासनं," ती म्हणाली. "हिरा पारखून झाल्यावर. त्याच्या आधी काय न्हवतं." डॉक्टरांना हिऱ्याचं काय कळणार? त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. ऑपरेशननंतर त्यांनी आबांना व्हरांड्यात नेलं. पोटभर पू झाला होता, फुटून कैक दिवस झाले होते. इतके दिवस तुम्ही घरातले काय करत होता, असं त्यांनी विचारलं. आबा काहीतरी पुटपुटले. माझ्या बापाला हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मग ते कायमचे तसेच बोलत राहिले.

आई त्यानंतर थोडे दिवस होती. एका दुपारी शुद्धीवर येऊन तिनं आक्काला विचारलं, "अंगठी करायला टाकली का?" आक्का म्हणाली, "खड्ड्यात गेली ती अंगठी. किती दिस दुखत हुतं खरं सांग." आई म्हणाली, "असं बोलू नगो. मी काय फुकट सोसलं व्हय?" आक्का ताडकन उठली. "मी आत्ताच्या आत्ता जातो आनि सांगतो त्यास्नी सगळं." आईनं तिचं मनगट धरलं. सलाईनची सुई लावलेल्या हातानं धरलं. "सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." आक्का खाली बसली. तिनं कुणाला सांगितलं नाही. तरी ते तोंड बघावं लागलंच.

लोक भेटायला आले आणि आम्ही सांगत राहिलो, एकाएकी झालं, एका रात्रीत. दर वेळी मला वाटायचं, आता ओरडावं. ओरडायची तर आमच्या घराची रीतच होती. पण ओरडलो तर आईनं सोसलेलं मातीत जाणार, म्हणून आम्ही तिघंही गप्प. तिच्यासाठी धड रडलोसुद्धा नाही, कारण रडताना तोंडातनं काय निघेल याचा भरवसा नव्हता. वर्षाच्या आत लग्न उरकायचं ठरलं. आक्का आबांना म्हणाली, "मला न्हाई करायचं हे लगीन." आबा बंद डंकाशी बसले होते. ते म्हणाले, "मग ती कशापायी गेली?" बँड नाही, वरात नाही, चार माणसांत लग्न झालं. अंगठी सुरेख झाली होती. डाग पकडीखाली गेला होता.

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली. आबा गेले. डंकाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि गल्लीत कुणी शिंकत नाही. आक्का आणि मधुकररावांचा संसार नीट झाला, भांडणाशिवाय झाला. पण तो पाढा विचारणारी आक्का काही त्या घरात गेली नाही. ती कुठं गेली मला माहीत नाही. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला एक शब्द सांगितलेला नाही. बोटांचे सांधे सुजलेत तिचे, अंगठी आता निघत नाही.

विहीणबाई अजून आहेत. अंथरुणाला खिळल्यात, सगळं विसरल्यात. मुलाला ओळखत नाहीत, जेवल्या का ते आठवत नाही. एकच गोष्ट राहिलीय. आक्का भरवायला बसली की तिचं बोट धरतात आणि समोर जो असेल त्याला सांगतात, "दोन परत धाडलं. ह्यो आठ दिस हिच्या घरात ठेवलावता. कुनाचं नख सुदिक दुखलं न्हाई." गेल्या महिन्यात मी तिथं होते. मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात आक्काला म्हटलं, "आता तर सांग की गं. आता काय मोडायचं राहिलंय?"

आक्का पेज ढवळत होती. म्हणाली, "सांगून बघितलं की मागं एकदा. सगळं सांगितलं, पाटावर गुडघं पोटाशी धरून बसलेली ती, कण्हणं, सगळं. नीट ऐकून घेतलं त्यांनी. लई रडल्या गं. माझ्या पायाला हात लावाय बघत हुत्या. मलाबी वाटलं, सुटलो." तिनं गॅस बारीक केला. "दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच."

आम्ही वाटी घेऊन बाहेर आलो. म्हातारीनं आक्काचं बोट धरलं, हिऱ्यावरनं अंगठा फिरवला, आणि माझ्याकडं बघून सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग आक्काला म्हणाली, "लाभला का न्हाई गं तुमच्या घराला?"

आक्कानं चमचा तिच्या तोंडाशी नेला. "व्हय," ती म्हणाली. "लाभला."